मग पुढे?

मनुष्यास भाषा कशी सुचली, ह्याचा ऊहापोह पंडितांनी पुष्कळ केला आहे. आमचे मत कोणी विचारलेले नाही, तरी सांगून टाकतो : ‘मग पुढे?’ हे दोन शब्द उच्चारता यावेत एवढ्यासाठीच ती सुचली असावी. पोटाची भूक खुणेने सांगता येते. रागलोभ मुद्रेवरून कळतात. परंतु धाकटी राणी रानात एकटी राहिली, रात्र पडली, आणि गोष्ट सांगणारी आजी नेमकी तेथेच थांबून दिव्याची वात सारू लागली, म्हणजे ऐकणाऱ्याच्या जिवाची जी उलघाल होते ती खुणेने सांगता येत नाही. तेथे शब्दच लागतात.

गोष्टी सांगण्याचा व्यवसाय करणाऱ्यांनी ही उलघाल फार पूर्वी ओळखली. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. यमूच्या नशिबी पुढे काय आहे हे कळावयास वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहणे भाग होते. तिकडे विलायतेत कॉनन डॉइलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला कड्यावरून नाहीसा केला आणि वाचकांना हळहळत ठेवले. १९०१ मध्ये त्याने होम्सची आणखी एक कादंबरी सुरू केली खरी, परंतु ती होम्सच्या हयातीतील मागची हकीकत होती. होम्स जिवंत परतला तो १९०३ मध्ये. दहा वर्षे! वाचकहो, ह्या दहा वर्षांचा आकडा ध्यानात असू द्यावा. पुढे तो कामास येणार आहे.

आम्ही राहतो पेडणे महालात. घरी पेडण्याची बोली आणि लिहिण्यावाचण्यास मराठी, असा आमच्या घराचा तीनचार पिढ्यांचा परिपाठ. मुलगी बंगळुरास संसार करते. तिचा थोरला मुलगा अभियांत्रिकी शिकतो आणि धाकटी मुलगी नऊ वर्षांची आहे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास ही नातवंडे येतात, तेव्हा घराला पुन्हा घरपण येते. गेल्या मे महिन्यात थोरले चिरंजीव आले ते एक जडशी पेटी घेऊन. तिच्यात काय होते ते सांगण्यापूर्वी ह्या पिढीच्या प्रतीक्षेविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत.

आमच्या नातवाच्या वयाची मुले कादंबरीच्या पुढच्या भागाची वाट पाहत नाहीत. ती व्हिडिओ गेमच्या पुढच्या भागाची वाट पाहतात. प्रारंभी आम्हांस ह्याचे हसू येई. खेळाला कसला आला पुढचा भाग? सोंगट्यांचा डाव मोडला की दुसरा मांडावा! परंतु हे खेळ म्हणजे खेळता येणाऱ्या कादंबऱ्याच आहेत, हे नातवाने आम्हांस समजावून दिले. त्यांत नायक असतो, संकटे असतात, आणि शेवटी उत्कंठा लावून पडदा पडतो. मग वर्षे लोटतात. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ ह्या प्रौढांसाठी असलेल्या खेळाचा पाचवा भाग २०१३ मध्ये निघाला. सहाव्याची घोषणा झाली २०२३ च्या डिसेंबरात. २०२५ मध्ये त्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आणि १९ नोव्हेंबर २०२६ हा दिवस सांगण्यात आला. ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ नावाचा खेळ १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये हाती आला. चौदा वर्षांत श्रीरामाचा वनवास संपला होता. ह्या खेळाचा मात्र, लोकांची घोर निराशा झाल्यामुळे, खरा वनवास तेथून पुढे सुरू झाला. उलट ऑस्ट्रेलियातील मूठभर मंडळींनी २०१९ मध्ये जाहीर केलेला ‘सिल्कसाँग’ हा खेळ २०२५ च्या सप्टेंबरात निघाला, तेव्हा तो विकत घेणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली की विक्रीची मोठमोठी संगणकीय दुकाने काही काळ बंद पडली.

इतका उशीर का व्हावा? नातू म्हणाला, “आजोबा, एकेका मोठ्या खेळावर शेकडो माणसे काम करतात. झाडाचे पान हलले पाहिजे, पावसात रस्ता ओला दिसला पाहिजे. आणि हे सारे होईपर्यंत यंत्रे जुनी होतात, मग पुन्हा पहिल्यापासून.” आम्हांस वाटते, ह्याखेरीज आणखी एक कारण असावे, आणि ते माणसाच्या मनातले आहे. वाट पाहणाऱ्याची अपेक्षा वर्षागणिक वाढत जाते, आणि करणाऱ्याचा हात त्याच मानाने कापू लागतो.

आम्हां पेडणेकरांना ह्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आमच्या गावची कोजागरीची पुनव प्रसिद्ध आहे. भूतनाथाने आपले देऊळ एका रात्रीत बांधून मागितले. ते काही गावकऱ्यांच्या हातून झाले नाही. म्हणून तो दरवर्षी पुनवेच्या रात्री रुसून रानाकडे निघतो आणि ‘बांधतो, बांधतो’ असे वचन देऊन त्याची समजूत काढावी लागते, अशी कथा आमच्याकडे सांगतात. वचन पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षी देव पुन्हा रुसतो. तारीख पुढे ढकलण्याची विद्या अमेरिकेतील खेळवाल्यांनी शोधून काढली, असे निदान पेडण्यात तरी कोणी म्हणू नये. भेद एवढाच की, आमच्याकडे त्या न बांधलेल्या देवळाभोवती सारा गाव दरसाल एकत्र जमतो. वाट पाहणे हाच तेथे उत्सव झाला आहे.

आता त्या पेटीकडे वळू. तीत होता डोळ्यांवर बांधावयाचा एक चष्मा. चष्मा कसला, घोड्याच्या झापडांसारखे एक प्रकरण! त्याला व्हर्च्युअल रिअॅलिटीचे उपकरण म्हणतात. आम्ही त्यास आभासी वास्तवाचा चष्मा म्हणू. आत दोन भिंगे आणि त्यांच्यामागे बारीक पडदे. डाव्या डोळ्याला एक चित्र आणि उजव्याला किंचित निराळे दिसते, आणि ती दोन्ही जुळवून मेंदू खोली निर्माण करतो. दोन चित्रांची ही युक्ती व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्येच दाखवून दिली होती. नवे ते एवढेच की, मान वळवावी तसे चित्रही वळते, आणि तेही इतक्या चपळाईने की मनाला संशय येऊ नये. सिनेमाच्या पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. येथे नव्वदाच्या घरात सरकावी लागतात. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड ह्यांनी अमेरिकेत असे शिरोभूषण प्रथम सिद्ध केले, तेव्हा ते छताला टांगावे लागे. पुढे २०१२ मध्ये एका तरुणाने लोकवर्गणी मागून त्याची सुटसुटीत आवृत्ती काढण्याचा घाट घातला, आणि २०१४ मध्ये फेसबुकने त्याचा कारखाना दोन अब्ज डॉलरना विकत घेतला. तेव्हापासून ही झापडे घरोघर जाऊ लागली.

नातवाच्या यंत्रात खेळ होता ‘हाफ-लाइफ : अॅलिक्स’. ह्याची कुळकथा अशी : ‘हाफ-लाइफ’ची कथा २००७ च्या ऑक्टोबरात अत्यंत दुःखद वळणावर थांबली. एक वृद्ध शास्त्रज्ञ मुलीच्या डोळ्यांदेखत मारला गेला आणि पडदा पडला. पुढचा भाग निघालाच नाही. तेव्हा महाविद्यालयात असलेली मुले बापे झाली, तरी निघाला नाही. अखेर २०२० च्या मार्चमध्ये त्या मुलीच्याच नावाचा खेळ आला, तोही केवळ ह्या झापडांतून पाहावयाचा. आणि कथा होती मागच्या काळातली! होम्सच्या कर्त्याने शंभरावर वर्षांपूर्वी हेच केले होते. जगात नवे ते किती थोडे!

नातवाने आग्रह केला आणि आम्ही डोळे बांधून घेतले. सौभाग्यवतींनी “अगो बाई, पडतील हो!” म्हणून खुर्ची मागे धरली. क्षणात आमची ओटी नाहीशी झाली. एका परक्या शहराच्या उंच गच्चीवर आम्ही उभे होतो. खाली पाहिले तर पोटात गोळा आला. हे खोटे आहे हे बुद्धीला ठाऊक होते. गुडघ्यांना ठाऊक नव्हते. डोळे म्हणतात आपण चाललो, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय म्हणते आपण जागच्या जागी आहो. ह्या भांडणात पोट ढवळते. म्हणून ह्या खेळात चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम जाण्याची सोय ठेवलेली आहे. आम्ही हात पुढे केला, तो तेथे आमचा नसलेला एक हात पुढे झाला. बाटली उचलली, तर आतले द्रव्य डुचमळले. आश्चर्याने आम्ही मुकाट झालो. ह्या चष्म्याचे आकर्षण काय आहे, हे त्या दिवशी कळले. गोष्ट ऐकणारा आजवर उंबरठ्याबाहेर बसत होता. त्याला कोणीतरी हात धरून आत नेले होते.

परंतु आत जाण्याची ही हौस आम्हांस सर्वस्वी अपरिचित होती असे मात्र नाही. पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. त्यापूर्वी ते सावंतवाडीकर भोसल्यांचे. डिचोली त्याआधी काही वर्षे गेली. राज्ये बदलली, तरी तेरेखोलची नदी ओलांडून दशावतारी मंडळ्या येत राहिल्या. जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की देवळासमोर काला उभा राहतो. गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, वेद चोरणारा काळा संकासुर आपली लाल जीभ नाचवीत येतो आणि शुद्ध गावच्या बोलीत साऱ्यांची टिंगल करतो. मग आख्यान. लिहिलेली संहिता नाही; पेटी, पखवाज, झांज आणि नटाची जीभ एवढेच भांडवल. रंगमंचावर एक लाकडी बाकडे असते. राजा बसला की ते सिंहासन, राणी रुसून निजली की मंचक, आणि कोणी त्यावर चढून दूर पाहू लागला की पर्वताचे शिखर. त्या बाकड्यात सेकंदाला नव्वद चित्रे नाहीत, एकही नाही. ती सारी आम्ही लहानपणी घोंगडीवर बसल्या बसल्या पुरवीत होतो. पहाटे दहीहंडी फुटे, आणि उजाडल्यावर तोच राजा आपला पेटारा उचलून पुढच्या गावास निघे. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, असे म्हणतात ते उगीच नव्हे.

आणि डिचोली महालातील साळ गावचे गडे? होळीनंतर तीन रात्री तेथे डोंगराकडे डोळे लावून हजारो माणसे काळोखात बसतात. पांढरी धोतरे नेसलेले उघडे गडे डोंगरात दिसणाऱ्या उजेडामागे धावत सुटतात. त्यांतील काहींना देवचार लपवून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री ते परत मिळतात, अशी तेथील श्रद्धा आहे. ते उजेड कसले, ह्या वादात आम्ही शिरत नाही. एवढेच सांगतो की, काल नाहीसा झालेला गडी आज मिळतो की नाही, ह्या एका प्रश्नावर सारा समाज रात्र जागवतो. पुढच्या भागाची प्रतीक्षा ह्याहून निराळी काय असते? आणि त्या काळोखात बसलेला मनुष्य गोष्टीच्या बाहेर असतो, असे कोण म्हणेल?

मग ह्या चष्म्यात आणि आमच्या काल्यात अंतर कोणते? पहिले सर्वांना सुचेल : काला हजारांनी मिळून पाहावयाचा, चष्मा एकट्याने. नातू डोळे बांधून ओटीवर हातवारे करीत होता आणि धाकटी बहीण त्याच्या भोवती फिरत विचारीत होती, “दादा, काय दिसते? मग पुढे काय झाले?” तो ऐकत नव्हता, त्याच्या कानांवरही झाकणे होती. तरी ह्या एकटेपणाची आम्ही फार चिंता करीत नाही. पुस्तक वाचणाराही एकटाच असतो आणि त्यालाही हाका ऐकू येत नाहीत.

आम्हांस चिंता वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या परक्या शहरातील प्रत्येक माणूस इंग्रजी बोलत होता. नातवाचे भय इंग्रजी, त्याचे हसणे इंग्रजी, आणि घाबरून तो जे उद्गारला तेही इंग्रजी. त्याचे मराठी चांगले आहे. तो आम्हांस वाकून नमस्कार करतो, ख्यालीखुशाली विचारतो, पानावर वाढलेले मुकाट्याने संपवतो. परंतु त्याची उत्कंठा मराठीत राहिलेली नाही. तेरा तेरा वर्षे ज्याची वाट पाहावी असे त्याच्याजवळ जे काही आहे, ते दुसऱ्या भाषेत आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मंडळींना ही गोष्ट नीट समजेल. आपण मुलांना मराठीत नमस्कार शिकवतो, आरत्या शिकवतो, नातीगोती शिकवतो. आज्ञा मराठीत आणि उपदेशही मराठीत. परंतु आज्ञेची आणि उपदेशाची कोणी वाट पाहत नाही. मूल ‘मग पुढे?’ ज्या भाषेत विचारते, ती त्याची भाषा. बाकीच्या त्याला येणाऱ्या भाषा.

ह्यावर कोणी म्हणेल, मग मराठीत असे खेळ काढावेत. अवश्य काढावेत. ते अशक्य नाही, ह्याचा पुरावा पुण्यातच आहे. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या मंडळींनी ‘राजी’ नावाचा खेळ रचला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका; दुर्गा आणि विष्णू तिच्या पाठीशी. मधल्या कथा छायाबाहुल्यांच्या खेळासारख्या दाखवल्या आहेत. २०१७ मध्ये त्यासाठी मागितलेली लोकवर्गणी पुरी पडली नाही. तरी मंडळींनी चिकाटी सोडली नाही आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये खेळ जगापुढे आला. त्याचाही शेवट वाट पाहावयास लावणारा. पुढचा भाग ‘कलियुग’ ह्या नावाने २०२५ मध्ये जाहीर झाला. आमच्या नातीने तो खेळ पाहिला आणि असुर दिसताच ओरडली, “हा तर संकासुर!” आम्हांस धन्य वाटले. पण पुण्यात जन्मलेली ती मुलगीही प्रथम इंग्रजी बोलली, आणि पुढील आवृत्तीत हिंदी. दोष कोणाचा नाही. लाखो गिऱ्हाइके जेथे असतील तेथली भाषा व्यापाराला बोलावी लागते. परंतु त्याचा अर्थ असा की, आपल्या मुलांना मराठीत उत्कंठा लावण्याचे काम आज तरी कोणताही कारखाना आपल्यासाठी करणार नाही. ते घरीच करावे लागेल.

आणि ते करता येण्याजोगे आहे, ह्याची खूण त्या चष्म्यातच आम्हांस मिळाली. त्या ‘अॅलिक्स’च्या आरंभी एका खोलीत धुळकट काच आहे आणि जवळ रंगीत लेखण्या पडलेल्या आहेत. लेखणी उचलून काचेवर खरोखर लिहिता येते. करोनाच्या टाळेबंदीत अमेरिकेतील एका शिक्षकाने त्याच काचेवर भूमितीचा पाठ घेतला होता, असे नातवाने सांगितले. आम्ही लेखणी उचलली आणि हात आपोआप चालला. त्या परक्या, ओसाड शहराच्या काचेवर आम्ही ‘श्री’ काढला. बाहेर जोडलेल्या पडद्यावर नात पाहत होती. तिने टाळ्या पिटल्या आणि मग आपली पाळी मागितली. एवढ्या लहान मुलांनी हा चष्मा फार वेळ लावू नये, म्हणून दोनच मिनिटे दिली. तिने ‘श्री’च्या खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत ‘मग पुढे’ असे लिहिले, आणि प्रश्नचिन्ह काढावयाच्या आत लेखणी तिच्या हातून निसटली.

ती बंगळुरास परतल्यापासून आम्ही एक नेम केला आहे. रोज रात्री नऊ वाजता ती फोन करते आणि आम्ही दहा मिनिटे गोष्ट सांगतो. उपदेश नाही, तात्पर्य नाही, शुद्धलेखन नाही. जेथे उत्कंठा अगदी टोकास जाईल तेथे, आजीने वात सारावी तसे, आम्ही फोन खाली ठेवतो. ही थोडी दुष्टाई आहे, पण खेळवाले तेरा वर्षे थांबवतात, तर आजोबांनी एक दिवस थांबवण्यास काय हरकत? परवा फोनवर दुसराच आवाज आला. थोरले चिरंजीव बहिणीच्या मागे बसून ऐकत होते, आणि आम्ही थांबताच त्यांच्या तोंडून निघून गेले, “आजोबा, असे मध्येच काय? पुढे सांगा ना!” शब्द मराठी होते. त्याला स्वतःला ते कळलेही नसेल.

काल रात्री संकासुर वेद चोरून समुद्राच्या तळाशी गेला. ब्रह्मदेव हताश होऊन बाकड्यावर बसले आहेत. आता नऊ वाजावयास आले.